ज्याच्या हाती किल्ली, त्याने द्यावा शब्द

जिन्यापाशी आलेला बाप

वाचकहो, आधी आमच्याच चुकीची एक गोष्ट सांगतो.

१९८८-८९ च्या सुमाराची ही गोष्ट आहे. आम्ही तेव्हा मुख्याध्यापक झालेलो नव्हतो. नवे शिक्षक होतो. सातवीचा वर्ग आमच्याकडे होता. शाळेला दोन खोल्या खाली आणि दोन माडीवर. सातवी माडीवर भरे.

जून महिना होता. पाऊस नुकताच लागला होता. एक शेतकरी मुलाला खांद्यावर घेऊन आला. मुलाचे दोन्ही पाय पोलिओने गेलेले. सहावीपर्यंत तो खालच्या खोलीत बसून शिकला होता. पहिल्या पाचांत नंबर असायचा.

बाप म्हणाला, "गुरुजी, पोरगं हुशार हाय. शाळेपतुर मी रोज आणीन. पर ह्या जिन्यानं वर कसं न्यायचं?"

आम्ही जिन्याकडे पाहिले. मुलाकडे पाहिले. म्हणालो, "बाबा, अवघड आहे. पडला-बिडला तर जबाबदारी कुणाची? पुढच्या वर्षी बघू."

बाप काही बोलला नाही. मुलाला परत खांद्यावर घेतले आणि गेला. पुढच्या वर्षी तो आला नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही आला नाही.

आपण काळजीपोटी बोललो, असेच आम्हाला तेव्हा वाटले. पुष्कळ वर्षांनी ध्यानात आले की मुलाला वर न्यायचे कारणच नव्हते. वर्ग खाली आणायचा होता! तिसरीची पोरे माडीवर आणि सातवी खाली. अर्ध्या दिवसाचे काम. अडचण मुलाच्या पायांत नव्हती, जिन्यात होती. त्याहून जास्त आमच्या डोक्यात होती.

मग तो बाप आमच्याशी भांडला का नाही? कारण त्याच्या हातात कुणाचा शब्द नव्हता. 'तुझ्या मुलाला आम्ही शाळेत घेऊच' असे कुणी त्याला लिहून दिलेले नव्हते. त्यामुळे तो मेहरबानी मागायला आला होता. मेहरबानी मिळाली तर मिळाली, नाही तर घरची वाट. शब्द दिलेला असता तर तो म्हणाला असता, "गुरुजी, हे माझ्या पोराचं आहे, ते त्याला द्या." ह्यालाच हक्क म्हणतात.

आता प्रश्न असा की हा शब्द द्यायचा कुणी? शिक्षकाने? गावाने? सरकारने? की सरकारच्याही वर जो कुणी असेल त्याने? आजचा धडा ह्याच प्रश्नाचा आहे. तो सांगताना आपण औंधला जाऊ, तिथून युरोपात जाऊ आणि परत आपल्या ग्रामपंचायतीच्या पायरीशी येऊ.

पाच गावांचे पाणी

आधी एक कल्पनेतली गोष्ट घ्या.

पाच गावे आहेत. प्रत्येक गावाची आपापली विहीर आहे. प्रत्येक ग्रामपंचायतीने ठराव केला आहे, 'गावातली एकही वस्ती पाण्यावाचून ठेवणार नाही.' कुठल्या वस्तीला पाणी आले नाही, तर लोक सरपंचाला धरतात. सरपंच पाणी सोडतो. सगळे ठीक चालले आहे.

पुढे पाचही गावे एकत्र येतात. नदीवरून मोठी पाइपलाइन आणतात. टाकी बांधतात. कारभार पाहायला पाच गावांची मिळून एक समिती नेमतात. आता पाणी सोडायची किल्ली समितीच्या हाती गेली.

एक दिवस समिती एका वस्तीचा व्हॉल्व्ह बंद करते. वस्तीतली बाई घागर घेऊन सरपंचाकडे जाते. सरपंच म्हणतो, "आक्का, ठराव खरा आहे. पण पाणी आता आमच्या हातात नाही. समितीकडे जा."

ती समितीकडे जाते. समिती म्हणते, "ठराव ग्रामपंचायतीचा. आम्ही कुठे तुला शब्द दिलाय?"

पाहिलेत काय झाले? शब्द गावात राहिला आणि किल्ली वर गेली. बाई दोघांच्या मध्ये सापडली. लबाडी कुणीच केलेली नाही, तरी घागर रिकामी ती रिकामीच.

ह्याला उपाय एकच. किल्ली ज्याच्या हातात गेली, त्यानेही तोच शब्द दिला पाहिजे. समितीनेही लिहून दिले पाहिजे, 'एकही वस्ती पाण्यावाचून ठेवणार नाही.' हे ध्यानात ठेवा. पुढची सगळी गोष्ट ह्याच धाग्याने विणलेली आहे.

औंधच्या राजाचा शब्द

आता कल्पना सोडू आणि खरी हकिकत घेऊ. ती आपल्याच भागातली आहे.

औंध हे गाव सातारा जिल्ह्यात खटाव तालुक्यात आहे. यमाईच्या डोंगरामुळे ते सर्वांना ठाऊक आहे. इंग्रजांच्या काळी औंध हे संस्थान होते. त्यात ७२ गावे होती. पण ती सलग नव्हती. काही गावे औंधजवळ, काही आटपाडीकडे, काही कुंडलकडे, तर काही पार विजापूरच्या बाजूला होती. आज आटपाडी आणि कुंडल सांगली जिल्ह्यात येतात. म्हणजे हे संस्थान सातारा आणि सांगली ह्या दोन्ही जिल्ह्यांत पसरलेले होते.

राजे होते भवानराव पंतप्रतिनिधी. लोक त्यांना बाळासाहेब म्हणत. सूर्यनमस्कारांचे मोठे भोक्ते. राजाचा शब्द म्हणजे कायदा, असा तो जमाना. मनात आले तर राजा देई, मनात आले तर काढून घेई.

ह्या राजांनी नोव्हेंबर १९३८ मध्ये एक नवल केले. आपली सत्ता रयतेच्या हाती देणार, असे त्यांनी जाहीर केले. जानेवारी १९३९ मध्ये संस्थानची राज्यघटना झाली. त्यासाठी महात्मा गांधींचा सल्ला घेतला होता. राजपुत्र अप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रीडमन नावाचे पोलंड देशातून आलेले एक इंजिनिअर ह्या कामात पुढे होते. गावोगाव निवडलेल्या पंचायती झाल्या. त्यांच्यावर तालुक्याची सभा. त्यावर साऱ्या संस्थानची सभा.

त्या घटनेत रयतेला हक्क लिहून दिले होते. बोलण्याची मोकळीक, सभा घेण्याची मोकळीक, आपापल्या रीतीने पूजा-प्रार्थना करण्याची मोकळीक. कायद्यापुढे सर्व सारखे.

ह्याच काळात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची वसाहत सुरू झाली. तिथे शिक्षा झालेले कैदी उंच भिंतीवाचून राहत आणि शेती करत. व्ही. शांताराम यांचा १९५७ सालचा 'दो आँखें बारह हाथ' हा बोलपट ह्याच प्रयोगावरून सुचला.

राजाने हे सारे का केले? चांगला राजा एका पिढीपुरता असतो, हे त्यांना कळत होते. लिहून दिलेला शब्द मात्र पुढच्या राजालाही बांधतो. सगळ्यात मोठी किल्ली राजाच्या हातात होती, म्हणून शब्दही राजानेच द्यायला हवा होता. त्यांनी तो दिला.

किल्ली वर गेली

१९४७ साली देश स्वतंत्र झाला. ८ मार्च १९४८ रोजी औंध संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. सांगलीचे संस्थानही त्याच दिवशी विलीन झाले. पुढे १९४९ मध्ये सातारा जिल्ह्याचे दोन भाग झाले, उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा. दक्षिण साताऱ्याला १९६० मध्ये सांगली जिल्हा हे नाव मिळाले.

विलीन झाले हे चांगलेच झाले. शेकडो छोट्या राज्यांनी देश कसा चालणार? पण पाण्याच्या गोष्टीतला प्रश्न इथेही होताच. औंधच्या रयतेला राजाने शब्द दिला होता. आता किल्ली मुंबईला आणि दिल्लीला गेली. राजाचा शब्द त्यांना कसा बांधणार?

ह्याचे उत्तर भारताच्या राज्यघटनेने दिले. ती २६ जानेवारी १९५० पासून लागू झाली. मसुदा समितीचे अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्यांची शाळा साताऱ्यातच सुरू झाली होती. ह्या घटनेत मूलभूत हक्क लिहिले आहेत. हे हक्क कुणाला बांधतात, तेही तिथेच सांगितले आहे. बाराव्या कलमात यादीच दिली आहे. देशाचे सरकार आणि संसद, राज्याचे सरकार आणि विधिमंडळ, त्याखालच्या स्थानिक संस्था आणि इतर अधिकारी संस्था. म्हणजे दिल्लीपासून ग्रामपंचायतीपर्यंत प्रत्येक मजल्यावर तोच शब्द लागू. 'ते आमच्याकडे नाही, वर जा' असे म्हणून हक्काच्या बाबतीत कुणाला हात झटकता येत नाहीत.

आपल्या देशाने हा पेच असा सोडवला. आता दूर युरोपात जाऊ. तिथे हाच पेच फार मोठ्या प्रमाणावर पडला होता.

द्राक्षाच्या पेटीवरचा नियम

तुम्ही म्हणाल, गुरुजी, युरोपशी आमचा काय संबंध? तासगाव, मिरज, पलूसकडच्या द्राक्षबागायतदाराला विचारा. तो सांगेल. ज्याचा माल जर्मनीला किंवा हॉलंडला जातो, त्याला कुठले औषध किती फवारायचे आणि काढणीआधी किती दिवस थांबायचे, हे सांभाळावे लागते. मण्यात औषधाचा अंश ठरलेल्या मापापेक्षा जास्त निघाला तर पेटी परत.

हे माप कोण ठरवते? जर्मनी नव्हे, हॉलंडही नव्हे. ते ठरवतो युरोपीय संघ. २००८ पासून संघातल्या सगळ्या देशांना एकच माप लागू आहे.

हा संघ म्हणजे काय? दुसऱ्या महायुद्धात युरोपची राख झाली. शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांना मारले. पुन्हा असे होऊ नये म्हणून १९५१ साली सहा देशांनी करार केला. फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, नेदरलँड्स म्हणजे हॉलंड, आणि लक्झेंबर्ग. कोळसा आणि पोलाद यांचा कारभार त्यांनी एकत्र आणला. तोफा पोलादाच्या होतात. पोलादच सामाईक झाले तर एकमेकांवर तोफा कशा डागणार? त्यातून वाढत वाढत आजचा संघ झाला. आज त्यात २७ देश आहेत.

हा संघ म्हणजे देश नव्हे. त्याचे स्वतःचे सैन्य नाही. प्रत्येक देशाचे सरकार वेगळे आहे, पोलीस वेगळे आहेत, शाळा वेगळ्या आहेत. पण पुष्कळ किल्ल्या ह्या देशांनी आपण होऊन संघाच्या हाती दिल्या आहेत. बाजारात माल कसा असावा, आगगाडीच्या आणि विमानाच्या प्रवाशांना कोणत्या सोयी द्याव्यात, अशा बाबतींत संघ कायदा करतो आणि तो सर्व देशांना पाळावा लागतो. पाच गावांची पाण्याची समिती आठवा. हा संघ म्हणजे २७ गावांची समिती समजा.

आणि अडचणही तीच. माणसाच्या हक्कांचे जे करार जगात होत, त्यांवर देश सही करत. संघ देश नाही, म्हणून त्याची सही नसे. किल्ली संघाकडे, शब्द देशांचा!

एका दिवशी दोन सह्या

संयुक्त राष्ट्रसंघाने, म्हणजे आपण ज्याला युनो म्हणतो त्याने, १३ डिसेंबर २००६ रोजी एक करार मंजूर केला. तो अपंग माणसांच्या हक्कांचा आहे. आज आपल्याकडे दिव्यांग हा शब्द सरकारी कागदावर असतो. शब्द कुठलाही असो, माणूस तोच.

ह्या कराराचे सार आमच्या जिन्याच्या गोष्टीत आले आहे. माणसाला अडवतो तो एकटा लुळा पाय नव्हे. उंच पायरी, अरुंद दार, न समजणारा फॉर्म आणि लोकांचा समज हे सगळे मिळून त्याला अडवतात. पाय बदलता येत नसेल, पण पायरी बदलता येते. म्हणून अडथळा काढण्याची जबाबदारी सरकारची आणि समाजाची आहे, असे हा करार सांगतो. शाळा, काम, प्रवास, मत देणे, कोर्टात जाणे ह्या सगळ्यांत अपंग माणसाचा हक्क इतरांइतकाच आहे.

हा करार लिहिताना एक दार मुद्दाम उघडे ठेवले. ४४ व्या कलमात म्हटले आहे की देशांनी मिळून बनवलेली आणि देशांनी अधिकार सोपवलेली संस्थाही ह्यात सामील होऊ शकते.

३० मार्च २००७ रोजी करार सहीसाठी खुला झाला. त्याच दिवशी भारताने सही केली. त्याच दिवशी युरोपीय संघानेही सही केली.

पण नुसती सही म्हणजे साखरपुडा. करार पक्का करणे म्हणजे लग्न. भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी तो पक्का केला. संघाला मात्र २३ डिसेंबर २०१० पर्यंत वेळ लागला. का? कारण आधी किल्ल्यांची यादी करावी लागली. कुठला अधिकार संघाकडे, कुठला देशांकडे, कुठला दोघांत सामाईक, हे कराराप्रमाणे लिहून द्यावे लागते. नाहीतर पुढे दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतील.

मतांचाही प्रश्न होता. २७ देशांची २७ मते आणि संघाचे आणखी वेगळे, असे झाले तर इतरांवर अन्याय. म्हणून असे ठरले की संघाने मत दिले तर ते देशांच्या संख्येइतके धरायचे, पण मग त्या देशांनी वेगळे मत द्यायचे नाही. देशांनी दिले तर संघाने द्यायचे नाही.

संयुक्त राष्ट्रसंघाच्या मानवी हक्कांच्या करारात देश नसलेली अशी संस्था सामील झाली, ती ही पहिलीच वेळ. पुढे संघातल्या सर्व देशांनीही तो करार पक्का केला. शेवटचा आयर्लंड, मार्च २०१८ मध्ये. म्हणजे आता सरपंचाचाही शब्द आहे आणि समितीचाही.

शब्द दिल्याने काय झाले?

तुम्ही विचाराल, कागदावर सही करून पांगळ्याला पाय फुटतात का? नाही फुटत. पण दोन गोष्टी झाल्या.

पहिली, संघाला हिशेब द्यावा लागला. हा करार कोण कसा पाळतो, हे तपासायला स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा शहरात १८ जाणकारांची एक समिती बसते. करारात आलेल्या प्रत्येकाला तिच्यापुढे आपला अहवाल ठेवावा लागतो. २०१५ साली युरोपीय संघाला तिथे उभे राहावे लागले. २०१९ साली भारतालाही राहावे लागले.

समितीने संघाच्या चुका सांगितल्या. एक चूक तर आपल्या गावातही दिसते. कराराचे काम करणारे संघाचे कार्यकारी मंडळ, त्याला आयोग म्हणतात, तेच देखरेख करणाऱ्यांतही बसले होते. हिशेब लिहिणारा आणि तपासणारा एकच! समिती म्हणाली, हे बरे नव्हे, आयोगाने देखरेखीतून बाजूला व्हावे. आयोग बाजूला झाला. शब्द दिलेला नसता तर संघाला असे विचारायचा अधिकार कुणाला होता?

दुसरी, कायदा झाला. २०१९ साली संघाने नियम केला की पैसे देणारे यंत्र, तिकिटाचे यंत्र, संगणक, फोन, बँकेची सेवा अशा गोष्टी आंधळ्या, बहिऱ्या आणि अपंग माणसांनाही वापरता येतील अशा असल्या पाहिजेत. तो २८ जून २०२५ पासून लागू झाला. एकेका देशाने हे केले असते तर प्रत्येक देशातले यंत्र वेगळे झाले असते. बाजाराची किल्ली संघाकडे होती, म्हणून कायदाही संघानेच करायला हवा होता.

एक सही अजून राहिली

सगळे पार पडले असे मात्र समजू नका.

युरोपात मानवी हक्कांचा आणखी एक जुना करार आहे. त्यावर ४ नोव्हेंबर १९५० रोजी रोम शहरात सह्या झाल्या. आज ४६ देश त्यात आहेत. स्ट्रासबुर्ग शहरात त्याचे न्यायालय आहे. साधा माणूस तिथे आपल्याच देशाविरुद्ध दाद मागू शकतो. मात्र आधी आपल्या देशातली न्यायालये करावी लागतात. पण युरोपीय संघाविरुद्ध त्याला तिथे सरळ जाता येत नाही. कारण संघ त्या करारात नाही.

संघाने त्यात सामील व्हावे, असे संघाच्याच नियमांत लिहिले गेले. तो नियम डिसेंबर २००९ पासून लागू आहे. २०१३ मध्ये मसुदा तयार झाला. तेव्हा संघाच्या स्वतःच्या न्यायालयाचा सल्ला घेतला. १८ डिसेंबर २०१४ रोजी ते न्यायालय म्हणाले, हा मसुदा संघाच्या मूळ करारांत बसत नाही. बोलणी थांबली. पुढे ती पुन्हा सुरू झाली आणि मार्च २०२३ मध्ये बोलणी करणाऱ्यांचे नव्या मसुद्यावर एकमत झाले. पण मसुदा ठरणे वेगळे आणि सामील होणे वेगळे.

ह्यातून काय शिकायचे? दुसऱ्याला नियम घालणे सोपे असते. स्वतःवर दुसऱ्याची तपासणी मान्य करणे फार जड जाते. मोठमोठ्या संस्थांनाही जाते. १९३९ साली औंधच्या राजाने केले ते किती अवघड होते, हे अशा वेळी कळते.

जिनिव्हापासून ग्रामपंचायतीपर्यंत

आता परत घरी येऊ.

भारताने करार पक्का केला, पण करार आपण होऊन गावात चालत येत नाही. त्याचा देशात कायदा करावा लागतो. आपल्याकडे १९९५ चा अपंगांचा कायदा होता. त्यात अपंगत्वाचे ७ प्रकार धरले होते. कराराचा शब्द पाळण्यासाठी संसदेने २०१६ मध्ये नवा कायदा केला. तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्यात २१ प्रकार आहेत.

त्यातल्या चार गोष्टी ध्यानात ठेवा.

एक. ज्या मुलाचे अपंगत्व ४० टक्के किंवा त्याहून जास्त आहे, त्याला ६ ते १८ वर्षे वयापर्यंत जवळच्या शाळेत किंवा खास शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे. कुठली शाळा, ते त्याच्याकडच्यांनी निवडायचे. 'पुढच्या वर्षी बघू' हे आता कुणाला म्हणता येत नाही.

दोन. सरकारी नोकरीत ४ टक्के जागा राखीव आहेत.

तीन. लोकांच्या वापराच्या इमारती अपंगांना जाता येईल अशा करायच्या आहेत. त्याला नियम निघाल्यापासून पाच वर्षांची मुदत होती. नियम २०१७ साली निघाले. म्हणजे मुदत २०२२ सालीच संपली. आता आपल्या ग्रामपंचायतीची पायरी पाहा. दवाखान्याची पाहा. आमच्या जुन्या शाळेची पाहा.

चार. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीने आपल्या स्वतःच्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावी, असा शासनाचा नियम आहे. ही रक्कम कुठे खर्च झाली, हे ग्रामसभेत विचारता येते.

हा हक्क घ्यायला दाखला लागतो. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात तपासणी होऊन तो मिळतो. तक्रार ऐकायला राज्याचे दिव्यांग कल्याण आयुक्त आहेत. त्यांचे कार्यालय पुण्यात आहे.

तुम्ही आता लिहायला शिकला आहात. मग ग्रामपंचायतीला एवढा अर्ज लिहून पाहा:

'मा. सरपंच व ग्रामपंचायत अधिकारी यांस. आपल्या ग्रामपंचायतीने गेल्या वर्षी दिव्यांगांसाठी ५ टक्के निधीतून किती खर्च केला व कशावर केला, ते ग्रामसभेत वाचून दाखवावे. कार्यालयाच्या पायऱ्यांशेजारी उतार बांधावा, ही विनंती.'

खाली नाव, तारीख आणि सही. अर्जाच्या दोन प्रती करा. एक द्या. दुसरीवर शिक्का मारून पोच घ्या. पोच म्हणजे तुमच्या हातातला पुरावा. ती जपून ठेवा.

अपंग माणूस काय करू शकतो, हे आपल्या जिल्ह्याला सांगायला नको. ईश्वरपूरजवळच्या (पूर्वीचे इस्लामपूर) पेठ गावचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या लढाईत गोळ्या लागून जखमी झाले. १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्ग येथे अपंगांच्या जागतिक स्पर्धेत त्यांनी पोहण्यात सोन्याचे पदक मिळवले. आटपाडी तालुक्यातील करगणीच्या सचिन खिलारी यांनी २०२४ साली पॅरिसला गोळा १६.३२ मीटर फेकून चांदीचे पदक आणले. हे दोघे पदकापर्यंत पोचले. पण हक्क मिळायला पदक आणावे लागत नाही. जो साधा आहे, ज्याला फक्त सातवीच्या वर्गात बसायचे आहे, त्याचाही हक्क तेवढाच.

तो मुलगा आज पन्नाशीच्या आसपास असेल. कुठे आहे, आम्हाला माहीत नाही. पण आज एखादा बाप मुलाला खांद्यावर घेऊन शाळेत आला आणि गुरुजी जिन्याकडे पाहू लागले, तर त्याने मान खाली घालून परत जाऊ नये. त्याला शब्द दिलेला आहे. संसदेने दिला आहे, देशाने जगापुढे दिला आहे. तो शब्द वाचता यावा, म्हणूनच तर आपण रात्री कंदिलाशी आणि दिव्याशी बसून अक्षरे गिरवली.

पुढच्या ग्रामसभेला जाताना शेजारच्या घरात कुणी अपंग असेल तर त्याला बरोबर घ्या. पायरी उंच असेल तर सभा खाली अंगणात भरवायला सांगा. अर्ध्या तासाचे काम आहे. आम्ही ते एकदा केले नाही. तुम्ही करा.